निवृत्तिवेतन हा हक्क की तहसील कचेरीची कृपा?

वृद्धांना योजनांची माहिती नसते, म्हणून लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, असा एक सोयीस्कर सिद्धांत शासनदरबारी रूढ आहे. त्यापोटी मेळावे भरतात, माहितीपत्रके छापली जातात, व्यासपीठावर चार वृद्धांच्या हाती मंजुरीपत्रे ठेवून छायाचित्रे काढली जातात. वस्तुतः म्हातारपणी सरकार पैसे देते, हे खेड्यातील कोणत्याही निराधार म्हातारीला ठाऊक असते. ते तिच्या हाती पडू नयेत, अशी तरतूद नियमांतच करून ठेवलेली आहे.

उत्पन्नाची अट पाहा. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वय ६५ हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे दिवसाला पुरते ५८ रुपयेही नव्हेत. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी रोजची २९७ रुपये होती. त्या दराने घरातील एकाच माणसाने ७१ दिवस काम केले, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांच्या कामाचे वचन दिले होते. ते पाळले गेले असते, तर त्याच घरातील म्हातारा निवृत्तिवेतनास अपात्र ठरला असता! साहजिकच दाखल्यावर खोटा आकडा पडतो. तो खोटा आहे हे अर्जदाराला ठाऊक, तलाठ्याला ठाऊक, तहसीलदारालाही ठाऊक. आयुष्यभर घाम गाळलेल्या माणसाला उतारवयात कायदाच खोटे बोलायला लावतो आणि त्या खोट्याची दोरी कायमची दुसऱ्याच्या हाती राहते.

ती कोणाच्या हाती असते? १९८० साली, अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. तिचे आणि श्रावणबाळचे अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातात, आणि तिच्यावर पालकमंत्र्यांनी नेमलेले अशासकीय सदस्य बसतात. मग अर्ज मंजूर झाला की तो ‘साहेबांनी केला’ अशी भाषा सुरू होते. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्यातील साहाय्याचा उल्लेख राज्याचे कर्तव्य म्हणून आहे, हे तालुक्याला कोण सांगणार?

केंद्राची कथा याहून लाजिरवाणी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमात दरमहा ७५ रुपये होते. २००६ मध्ये त्याचे २०० झाले आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी तेथेच थिजले. तेही दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेल्यांनाच. राज्याने २०२३ मध्ये एकूण रक्कम १,५०० पर्यंत नेली, हे खरे. पण ती महिन्याच्या महिन्याला खात्यात पडेल याची हमी कोणी देत नाही.

त्यात दरवर्षी हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी वृद्धाने कचेरी गाठायची, बँकेच्या यंत्रावर अंगठा टेकायचा. आणि जन्मभर खुरपे चालवून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतील, तर रिकाम्या हाती परतायचे. याच राज्ययंत्रणेची पथके २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांचे मत घेण्यासाठी त्यांच्या घरी गेली होती. मतासाठी उंबरठ्यापर्यंत येणाऱ्या शासनाला हयातीच्या नोंदीसाठी मात्र वाट सापडत नाही.

ज्यांनी स्वतःच्या वेतनातून पैसे साठवले, त्यांची अवस्था तरी काय? १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन ठरायला २०१४ उजाडले, आणि ठरले ते हजार रुपये. बंद पडलेल्या गिरण्या-कारखान्यांतील कामगारांची भविष्यनिर्वाह निधीची खाती, हप्ते भरलेले पण वारसांना न सापडलेले विमे, हे सारे ठराविक मुदतीनंतर २०१५ च्या वित्त अधिनियमाने स्थापिलेल्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते. म्हाताऱ्याला स्वतःचा पैसा मिळू द्यायचा नाही आणि तोच ‘ज्येष्ठांच्या कल्याणा’साठी जमा करायचा!

मग कार्यकर्त्यांनी अर्ज भरून देऊ नयेत काय? अवश्य द्यावेत. उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जाची तारखेसह पोच घ्यावी, मुदत टळली तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करावे, भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात म्हाताऱ्यासोबत जावे. परंतु अर्जावर पक्षाच्या नेत्याचे छायाचित्र चिकटवून उपकाराची नोंद ठेवणारा कार्यकर्ता आणि तालुक्याच्या समितीतला ‘साहेबांचा माणूस’ यांत फरक उरत नाही. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मागितले. आयकर भरणारे आणि अन्यत्र पुरेसे निवृत्तिवेतन घेणारे वगळून बाकी सर्व वृद्धांना ते मिळाले पाहिजे. ही मागणी मान्य झाली, तर उत्पन्नाचा दाखलाच उरणार नाही; दाखल्याबरोबर दलालही जाईल. पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न उद्योगपतींची कर्जे निर्लेखित होताना विचारला जात नाही. तो म्हातारीच्याच वेळी का आठवतो?

तूर्त येत्या ग्रामसभेत प्रत्येक शाखेने एवढे तरी मागावे: गावातील मंजूर, प्रलंबित आणि फेटाळलेल्या अर्जांची यादी कारणांसह वाचून दाखवावी, आणि ज्याचे निवृत्तिवेतन थांबले असेल, त्याच्या घरी तलाठ्याने स्वतः जाऊन हयातीची नोंद करावी.