०.२ टक्क्यांचा हिशेब

२००७ च्या जुलै महिन्यात भारतातील एचआयव्हीबाधितांची संख्या एका घोषणेसरशी निम्म्याहून कमी झाली. आदल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएनएड्स’ने देशात ५७ लाख बाधित असल्याचा अंदाज दिला होता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे ‘नॅको’ने, नवा अंदाज जाहीर केला तो सुमारे २५ लाखांचा. या काळात एवढी माणसे बरी झाली नव्हती की दगावली नव्हती. बदलली होती ती मोजण्याची रीत.

आधीचा अंदाज प्रामुख्याने सरकारी रुग्णालयांतून येत असे. गर्भवतींच्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्ताचे प्रत्येक केंद्रावर ४०० नमुने, नाव-गाव काढून टाकून, एचआयव्हीसाठी तपासले जात. गुप्तरोगांच्या बाह्यरुग्ण विभागातले नमुनेही त्यात धरले जात. वर्षागणिक कल कळण्यासाठी ही पद्धत चांगली. पण सरकारी दवाखान्यात येणाऱ्या बायका म्हणजे साऱ्या देशाची लोकसंख्या नव्हे. पुढे २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचे रक्त तपासले गेले. १५ ते ४९ वयोगटात प्रमाण निघाले ०.२८ टक्के. घरोघरच्या पाहणीतही वेश्यावस्तीतल्या स्त्रिया, लांब पल्ल्याचे ट्रकचालक, कामासाठी भटकणारे मजूर, तुरुंगातले कैदी असे बरेच जण सुटतात. म्हणून ‘नॅको’ने दोन्हींचा मेळ घालून ०.३६ टक्के हा अंदाज धरला.

आज हे प्रमाण ०.२ टक्क्यांवर आले आहे. दर हजार प्रौढांमागे दोन. समाधान वाटावे असाच हा आकडा आहे. मात्र तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात.

पहिली म्हणजे, देशाची सरासरी कुठल्याच गावाला लागू पडत नाही. मिझोराममध्ये हे प्रमाण अडीच टक्क्यांहून जास्त आहे. टक्केवारीत महाराष्ट्र त्याच्या बराच खाली, पण बाधितांच्या संख्येत देशात पहिला. सुमारे चार लाख. दुसरी गोष्ट, एकूण बाधित किती आणि नव्याने लागण झालेले किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. २००४ पासून एआरटीची औषधे सरकारकडून मोफत मिळू लागली आणि माणसे जगू लागली. त्यामुळे नवी लागण घटूनही एकूण संख्या पंचवीस लाखांच्या आसपासच आहे. हे अपयश नाही, उपचारांचे यश आहे. चिंता करायची ती नव्या लागणीची, आणि ती अजूनही वर्षाला साठ हजारांहून जास्त आहे.

ही नवी लागण येते कुठून? बाधितांपैकी सुमारे ८१ टक्के लोकांनाच आपल्याला एचआयव्ही असल्याचे माहीत आहे. उरलेल्या जवळजवळ पाच लाख माणसांना त्याचा पत्ता नाही. ज्यांना ठाऊक आहे, त्यातले बहुतेक उपचार घेतात. आणि नियमित औषधांनी रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा होतो, तेव्हा लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. म्हणजे पुढच्या प्रसाराचा मोठा भाग नकळत, ताप नाही, खोकला नाही, अशा धडधाकट दिसणाऱ्या माणसांकडून होतो.

इथेच आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव दिसते. गरोदरपणात स्त्रीची एचआयव्ही चाचणी होतेच, आणि ती व्हायलाच हवी. वेळेत औषधे मिळाली तर बाळ वाचते. धडधाकट पुरुषाच्या आयुष्यात मात्र असा नेहमीचा प्रसंग सहसा येत नाही, ज्यात डॉक्टर आपणहून ही चाचणी सुचवतील. त्या तिसऱ्या सर्वेक्षणात पुरुषांमधले प्रमाण ०.३६ टक्के होते, स्त्रियांमधले ०.२२. लागण पुरुषांत जास्त, पण घरात आधी उघडकीस येते ती बायकोची. मग सासरी ठपका तिच्यावर येतो. ज्याचे रक्त तपासले त्याचा आजार कळतो. तो कोणी कोणाला दिला हे त्यावरून कळत नाही. एवढी साधी गोष्ट समजून न घेतल्याने कित्येक बायकांना माहेरी पाठवले गेले आहे.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. गर्भवतीसोबत तिच्या नवऱ्याचीही चाचणी, समुपदेशन करून आणि त्याच्या संमतीने, नेहमीची बाब व्हावी. आणि लघवीच्या जागी जखम, स्राव अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला, खासगी दवाखान्यातसुद्धा, केवळ मलम-गोळ्या देऊन परत न पाठवता एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी सुचवली जावी. असा संसर्ग असेल तर एचआयव्हीची लागण होणे सोपे जाते.

वाचकांनीही एक करावे. आयुष्यात कधी असुरक्षित संबंध आला असेल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात जाऊन एकदा रक्त तपासून घ्यावे. चाचणी मोफत असते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला व निकाल उघड करायला मनाई आहे. संबंध अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी, कारण सुरुवातीच्या काळात ती निर्दोष येऊ शकते. विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

हजारात दोन म्हटले की प्रत्येकाला वाटते, ते दोघे दुसरेच कोणीतरी असणार. ज्या पाच लाखांना आपली लागण ठाऊक नाही, त्यांनाही आज नेमके हेच वाटत आहे.