पॅकेज कसले? आधी पुरावा दाखवा

डिप्रेशनवर स्टेम सेलचे इंजेक्शन देणाऱ्या दवाखान्याचे गुणगान तुमच्या गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत पानभर वाचले. सर्वांत खटकले ते त्यातले उपचाराचे ‘पॅकेज’. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतले प्रत्यारोपण सोडले, तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर प्रायोगिक ठरतो. तो मंजूर चाचणीतच करायचा आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मग हे पॅकेज कसले? प्रयोग असेल तर घेतलेले पैसे परत करा, उपचार असेल तर पुरावा दाखवा. ऑटिझमच्या बाबतीत हेच चालले होते. तिथे ही थेरपी देऊ नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाला २०२२मध्ये सांगावे लागले.

मेंदूतला दाह हे नैराश्याचे मूळ आणि या पेशी तो शमवतात, असा दावा त्या मजकुरात आहे. दाहाचा संबंध खोटा नाही. काही रुग्णांच्या रक्तात सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन वाढलेले सापडते. पण अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने, गोळ्यांना दाद न देणाऱ्या ६० रुग्णांच्या चाचणीत इन्फ्लिक्सिमॅब हे दाह रोखणारे जालीम औषध वापरून पाहिले. २०१३मध्ये निकाल आला. एकूण गटात ते नुसत्या सलाइनपेक्षा सरस ठरले नाही, ज्यांचे सीआरपी मुळातच चढे होते त्यांच्यातच काही फायदा दिसला. सरसकट सगळ्यांना स्टेम सेलचे इंजेक्शन टोचणारे हा निकाल कसा खपवतात? ‘पेशी स्वतःच्याच, मग अपाय कसला?’ असेही विचारले जाते. फ्लोरिडात तीन वृद्ध महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी सोडल्या आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली, हे २०१७मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आहे.

गोळ्या लागू पडत नाहीत त्यांनी काय करायचे, हा प्रश्न मात्र खरा आहे. औषध बदलणे, मानसोपचार, गरज पडल्यास ईसीटी (विजेचे उपचार) ही पारखलेली वाट आहे. पण प्रादेशिक मनोरुग्णालय गाठायचे तर कोल्हापूरकराने घाट उतरून रत्नागिरीला जायचे, नाहीतर येरवड्याला. या हेलपाट्यांवरच पॅकेजवाल्यांचे फावते. मेंदूच्या विकारांवर हमखास गुणाच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने मनाई आहे. राज्याच्या एफडीएने तो कायदा फडताळातून बाहेर काढावा. आणि संपादक महोदय, त्या पानावर ‘जाहिरात’ असे कुठेही छापलेले नव्हते. त्याचे पैसे घेतले होते का, एवढे येत्या रविवारी सांगा.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर