पदवीचें मोल आणि ऋणाचा हप्ता

बारावीचा निकाल लागला कीं घरोघरीं एकाच विषयाची चर्चा सुरू होते. मुलास कोणत्या महाविद्यालयांत घालावें, हें आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वजण हिरिरीनें सांगतात. परंतु त्यासाठीं काढावयाचें कर्ज फेडावयाचें कोणीं, हा प्रश्न मात्र मागें राहतो. म्हणून या महिन्यांत त्याचाच हिशेबानिशीं विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विद्येसाठीं दुसऱ्याचें ऋणी होणें आपल्याकडे नवें नाहीं. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें, त्यानंतर कित्येक गरीब विद्यार्थी पुण्यासारख्या शहरांत माधुकरी मागून व वार लावून जेवून शिकले. तेंही ऋणच होतें. पण त्यावर व्याज चढत नव्हतें. आजचें ऋण बँकेचें आहे व त्याची रीत निराळी आहे.

चार वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठीं दरवर्षाच्या आरंभीं अडीच लाख, याप्रमाणें १० लाखांचें कर्ज शेकडा १० व्याजानें काढलें असें समजा. शिक्षण चालू असतां व पुढें एक वर्ष बँक बहुधा हप्ता मागत नाहीं, म्हणून हा काळ पुष्कळांस फुकटचा वाटतो. वस्तुतः व्याज पहिल्या दिवसापासून चालूच असतें. पांच वर्षांअखेर सरळव्याजाचेच साडेतीन लाख होतात. आणि साडेतेरा लाखांची फेड दहा वर्षांत करावयाची, तर दरमहा सुमारें १७,८०० रुपयांचा हप्ता बसतो. एकंदर भरणा २१ लाखांवर जातो. पहिली नोकरी पंचवीस हजारांची लागली, तर त्या मुलानें खावें काय आणि घरीं द्यावें काय?

मग पदवी घेऊंच नये काय? असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें, २०२२ सालीं भारतांतील तरुण पदवीधरांत बेकारी शेकडा २९.१ होती, तर निरक्षर तरुणांत अवघी ३.४. एवढ्यावरून पदवी निरुपयोगी ठरविणें चुकीचें होईल. निरक्षरास रिकामें बसणें परवडतच नाहीं. पदवीधर मनाजोगें काम मिळेपर्यंत थांबूं शकतो, कारण तोंवर घर त्यास पोसतें. पदवीचा पुष्कळसा लाभ या थांबण्याच्या सवडींतच असतो, आणि मोठें कर्ज नेमकी तीच हिरावून घेतें. हप्ता थांबत नाहीं. मग मिळेल ती नोकरी पत्करावी लागते.

शिवाय हें ऋण एकट्या विद्यार्थ्याचें नसतें. वडील सहकर्जदार होतात आणि रक्कम मोठी असल्यास बँका बहुधा तारणही मागतात. थोरल्यासाठीं घर असें गुंतून पडलें, म्हणजे दोन वर्षांनीं धाकट्या बहिणीची पाळी येते तेव्हां तिची इच्छा न विचारतांच तिला स्वस्तांतला अभ्यासक्रम नेमून दिला जातो. या अन्यायाची कोणत्याच वहींत नोंद होत नाहीं. वास्तविक, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसह कांहीं प्रवर्गांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलींना महाराष्ट्र सरकारनें २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क माफ केलें आहे. ही सवलत शासनाच्या प्रवेशप्रक्रियेंतून जाणाऱ्या मुलींसाठीं आहे. तिची चौकशी वेळींच करावी.

कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या, असें आम्ही सुचवितों. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर विसंबून न राहतां, तेथून गेल्या वर्षीं बाहेर पडलेल्या चारपांच विद्यार्थ्यांस मिळकत विचारावी. येणारा हप्ता त्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होत असेल, तर महाविद्यालय बदलावें. आणि शक्य असल्यास शिक्षण चालू असतांनाच व्याज भरीत जावें. वरील उदाहरणांत पहिल्या वर्षीं तें दरमहा सुमारें २,१०० रुपये व चौथ्या वर्षीं ८,३०० पडतें, पण पुढील हप्ता १३,२०० वर येतो.

हा हिशेब कर्त्या पुरुषांनींच मनांत न ठेवतां, घरांतील बायकामुलांसमक्ष कागदावर मांडावा. ज्याच्या नांवावर कर्ज चढणार त्या मुलासमोर तर अवश्य, आणि त्याच्या धाकट्या बहिणीसमोरही. ज्यांना तें फेडावें किंवा सोसावें लागणार, त्यांना तें आधीं ठाऊक असणें एवढा तरी त्यांचा हक्क आहे.