छायाचित्रकाराची मजुरी कोणाच्या खिशात जाते?

जानेवारी 1955 मध्ये मद्रासजवळच्या आवडी गावी काँग्रेसचे अधिवेशन भरले. उच्छंगराय ढेबर अध्यक्ष होते, पंडित नेहरू जातीने हजर होते आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव तिथेच संमत झाला. राबणाऱ्याला त्याच्या श्रमाचा वाटा मिळणार, असाच त्या ठरावाचा अर्थ साध्या माणसाने घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. पत्रकार कोणाला म्हणावे हे सांगताना त्या कायद्याने संपादक, उपसंपादक, बातमीदार यांच्याच पंगतीत वृत्तछायाचित्रकाराला बसवले. या गोष्टीला सत्तर वर्षे झाली. आज त्याच आवडीतला तरुण पहाटेच्या लोकलने चेन्नई सेंट्रल गाठतो, दिवसभर मोर्चे, अपघात, उद्घाटने आणि सिनेमाचे सोहळे टिपत उन्हात उभा राहतो, रात्री फोटो पाठवतो आणि महिनाअखेर रिकाम्या हाताने घरी परततो. फोटोखाली त्याचे नाव छापले, एवढाच त्याचा मेहनताना! आम्ही विचारतो, त्याची मजुरी गेली कुठे?

आवडी मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. रणगाडे बांधणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्यालय 2021 पासून आवडीत आहे, आणि आपल्या अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना त्याच कंपनीच्या छत्राखाली चालतो. आवडीच्या हेवी व्हेईकल्स फॅक्टरीत ‘विजयंता’ बनला, ‘अर्जुन’ बनला. तिथला कामगार पगार घेतो, त्याला फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे, आजारपणात दवाखाना आहे. हे हक्क त्याला कोणी दान दिले नाहीत; संघटनेने आणि कायद्याने ते मिळवले. अशा घरातला मुलगा कॅमेरा घेऊन वर्तमानपत्राच्या दारात उभा राहतो आणि एका पिढीत सगळे हक्क गमावतो. कॅमेऱ्याचा हप्ता त्याचा, लेन्स त्याची, पेट्रोल त्याचे, रात्रीचे इंटरनेट त्याचे. शटर ठरावीक क्लिकनंतर निकामी होते, तो खर्चही त्याचाच. आणि फोटो मात्र मालकाचा! अंबरनाथ, खडकी, वरणगाव, भुसावळ इथल्या अशाच कारखान्यांच्या वसाहतींतून मुंबई-पुण्याच्या दैनिकांकडे धावणाऱ्या आमच्या मुलांची कहाणी याहून तसूभरही वेगळी नाही.

या माणसाच्या कामाचे मोल काय, हे ज्यांना कळत नाही त्यांनी 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आठवावी. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्या सुटत होत्या, लोक जीव घेऊन पळत होते, आणि ‘मुंबई मिरर’चे सेबॅस्टियन डिसोझा स्थानकाच्या आत धावत गेले. कसाबचे रायफल हातात घेतलेले छायाचित्र त्यांनी टिपले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे श्रीराम वेर्णेकरही त्याच रात्री तिथे कॅमेरा रोखून उभे होते. पुढे दोघांची न्यायालयात साक्ष झाली आणि त्यांची छायाचित्रे खटल्यात पुरावा ठरली. त्याआधी चार वर्षे, त्सुनामीने तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला तेव्हा कडलूरच्या वाळूवर कोसळून आक्रोश करणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र रॉयटर्सच्या अर्को दत्तांनी घेतले. त्या एका चित्राने जगाला जे कळले ते आकड्यांच्या रकान्यांतून कधीच कळले नसते, आणि 2004 सालचे जगातले सर्वोत्तम वृत्तछायाचित्र म्हणून त्याची निवड झाली. हे दोन्ही प्रसंग टिपणारे लोक नोकरीत होते. त्यांच्या मागे संस्था होती, पगार होता, आणीबाणीत फोन उचलणारा संपादक होता. आता वर्तमानपत्रे ती नोकरीच संपवत चालली आहेत. दहा वर्षांनी असा प्रसंग ओढवला, तर कोण कोणाच्या भरवशावर आत शिरणार आहे?

मालकांचे उत्तर आम्हाला पाठ आहे. जाहिराती घटल्या, कागद महागला, आणि आता प्रत्येक बातमीदाराच्या खिशात मोबाईल आहे, मग वेगळा छायाचित्रकार कशाला? 2013 च्या मे महिन्यात ‘शिकागो सन-टाइम्स’ने याच हिशेबाने आपला छायाचित्र विभाग मुळासकट काढून टाकला. एका दिवसात 28 माणसे रस्त्यावर आली, त्यांत पुलित्झर मिळवलेले जॉन व्हाइटही होते, आणि बातमीदारांना फोनवर फोटो काढायला शिकवण्यात आले. आपल्याकडे असे जाहीरपणे कोणी करत नाही. इथे एक छायाचित्रकार निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही. दुसऱ्याला कंत्राटावर आणले जाते. तिसऱ्याला ‘स्ट्रिंगर’ म्हणतात, आणि चौथ्याला सांगतात की सध्या फुकट दे, नाव होईल. ज्या दैनिकाची पहिली नजर फोटोवर पडते, त्याने फोटो काढणाऱ्याला अशी वागणूक द्यावी, ही शरमेची गोष्ट आहे. पत्रकारांचे वेतन ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी 2011 मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये त्या वैध ठरवल्या, आणि त्या कंत्राटी पत्रकारांनाही लागू आहेत असे 2017 मध्ये पुन्हा बजावले. देशातले सर्वोच्च न्यायपीठ दोनदा बोलले, तरी हक्काच्या थकबाकीसाठी माणसांना कामगार न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या! रोज दुसऱ्यांच्या कायदेभंगावर रकाने भरणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पानावर द्यावे.

मनोरंजनाच्या क्षेत्रात तर रोग आणखी खोल गेला आहे. पूर्वी असे नव्हते; चेन्नईतच त्याचे एक थोर उदाहरण आहे. ‘फिल्म न्यूज’ आनंदन हे मुळात छायाचित्रकार. 1958 च्या ‘नाडोडी मन्नन’च्या वेळी त्यांनी चित्रपटाची छायाचित्रे वर्तमानपत्रांपर्यंत पोचवली, आणि तमिळ चित्रसृष्टीला पहिला जनसंपर्क अधिकारी मिळाला. आनंदन यांनी त्या कामाला इतिहासाची जोड दिली. प्रत्येक चित्रपटाची नोंद ठेवत त्यांनी एकट्याने एक दप्तर उभे केले, आणि 2016 मध्ये ते गेले तेव्हा तमिळ सिनेमाची स्मृतीच हरपल्याची भावना होती. आमच्याकडे गौतम राजाध्यक्षांनी चेहऱ्यांच्या छायाचित्रणाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली आणि ‘चंदेरी’ या मराठी नियतकालिकाचे संपादन करून सिनेमाविषयी लिहिण्याला जी सभ्यता दिली, तीही विसरता येणार नाही. या दोघांच्या कामात छायाचित्रकाराची नजर आणि त्याचे नाव जागेवर होते. आज निर्मात्याच्या कचेरीतून तयार फोटो ईमेलने येतात, नटाच्या स्वतःच्या छायाचित्रकाराने काढलेले, त्वचा घासूनपुसून गुळगुळीत केलेले, आणि वृत्तपत्रे ते बातमी म्हणून छापतात. वांद्र्याच्या जिमबाहेर आणि विमानतळाच्या दारात मुले तासन्‌तास उभी राहतात. कोण किती वाजता येणार याचा निरोप नटाच्याच माणसाकडून आलेला असतो, आणि पडद्यावर मात्र ‘अचानक दिसली’ असे लिहिले जाते. वाचकाची ही सरळ फसवणूक आहे. जो फोटो प्रसिद्धीसाठी दिला गेला आहे, त्याखाली तसे छापलेच पाहिजे. तो नियम उद्यापासून पाळला गेला तर निम्मी मनोरंजन पुरवणी जाहिरात ठरेल, ठरू द्या. उरलेल्या निम्म्या पुरवणीसाठी खऱ्या छायाचित्रकाराची गरज पडेल आणि त्याला पैसे द्यावे लागतील.

आता हक्काची गोष्ट, कारण हक्क ठाऊक नसलेल्या माणसाला लुबाडणे सर्वांत सोपे असते. 1957 चा कॉपीराइट कायदा वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेल्या फोटोवर मालकाला हक्क देतो, पण तो केवळ प्रसिद्धीपुरता. वेगळा करार नसेल तर बाकी सारे हक्क छायाचित्रकाराचेच राहतात. पुस्तक, प्रदर्शन, माहितीपट यांत तो फोटो वापरायचा असेल तर त्याला विचारावे लागते. 2012 च्या दुरुस्तीनंतर हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, म्हणजे तो नातवंडांपर्यंत पोचणारा वारसा आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क तर हक्क विकल्यावरही शाबूत राहतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कोणी पैसे देऊन मुद्दाम फोटो काढवून घेतले, तर उलट करार नसताना पहिला हक्क त्या पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून काम घेण्याआधी चार ओळी लिहून घेतल्याच पाहिजेत. इतके स्पष्ट संरक्षण कायद्यात असताना आमच्या दैनिकांच्या नेमणूकपत्रांत एक वाक्य घुसडले जाते की सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे संस्थेचे. बावीस वर्षांचा मुलगा त्यावर सही करतो, कारण सही केली नाही तर दारात दुसरा उभा असतो. या सहीला आम्ही संमती मानत नाही!

मुलींचे तर नावच पुसण्याची या धंद्याची जुनी खोड आहे. जे. जे.त शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात. त्यांना पद्मविभूषण मिळाले 2011 मध्ये, वयाच्या 97व्या वर्षी. आणि 22 ऑगस्ट 2013 ला मुंबईत महालक्ष्मीजवळच्या शक्ती मिलमध्ये कामासाठी गेलेल्या एका तरुण छायाचित्रकार मुलीवर जे अत्याचार झाले, त्यांनी सारा महाराष्ट्र हादरला. गुन्हेगारांना शिक्षा झाली. पण त्यानंतर किती घरांनी मुलीच्या हातातला कॅमेरा काढून घेतला, आणि किती संपादकांनी ‘मुलीला नको पाठवायला’ म्हणत तिची बीट बदलली! शिक्षा कोणाला झाली मग? मुलीला घरी बसवून शहर सुरक्षित होत नाही. तिला कामावर पाठवणाऱ्या संस्थेने सोबत, वाहन आणि विमा द्यायचा असतो, आणि ती कुठे आहे याची नोंद ठेवायची असते. हे न करता तिला पाठवणारा संपादक बेजबाबदार आहे, आणि ती मुलगी आहे म्हणून तिला न पाठवणारा भित्रा आहे.

सरकारही या पापात भागीदार आहे. एप्रिल 2020 मध्ये मुंबईत तपासणी झाली तेव्हा 53 पत्रकार करोनाबाधित निघाले, त्यांत छायाचित्रकार आणि कॅमेरामन पुष्कळ होते. बातमीदाराला घरून फोनवर बातमी घेता येते, फोटो घरून काढता येत नाही; धोका असा छायाचित्रकाराच्या वाट्याला येतो, पण संरक्षण देताना सरकार त्याला विसरते. पत्रकारांवरील हल्ले रोखणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 2017 मध्ये संमत केला, त्याचे आम्ही स्वागत केले होते; परंतु त्याचा आधार घ्यायला आपण कोणत्यातरी माध्यमसंस्थेचे आहोत हे आधी सिद्ध करावे लागते. ज्याला संस्था ओळखपत्रच देत नाही, त्याने लाठी खाल्ल्यावर काय दाखवायचे? सरकारी अधिस्वीकृतीपत्रिकेचेही तेच. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि 1955 चा कायदा त्यांत विरला. पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमे आली, ही चांगली गोष्ट. छायाचित्रकाराचे नाव व्याख्येत कायम आहे. पण वृत्तपत्रांसाठीची वेतन मंडळाची स्वतंत्र तरतूद त्यांत उरलेली नाही, आणि आवडीत दिलेला शब्द आणखी एका पावलाने मागे हटला.

हा केवळ पगाराचा वाद असता तर आम्ही एवढे पेटून उठलो नसतो. फुकट राबणे ज्याला परवडते तोच या व्यवसायात टिकणार असेल, तर देशाचे चित्र फक्त सुखवस्तू घरांच्या खिडकीतून काढले जाईल. सुधारक ओलवे अकोल्याकडचे. त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांच्या आयुष्यात वर्षानुवर्षे कॅमेरा नेला, गटारात उतरणारा माणूस या शहराला डोळ्यांत डोळे घालून पाहायला लावला. 2016 ची पद्मश्री त्यांना मिळाली. मदुराईकडचे एम. पलनी कुमार मासे विकणाऱ्या आईचे पुत्र. तामिळनाडूत हाताने मैला साफ करणाऱ्यांचे मृत्यू त्यांनी एकामागून एक नोंदवले, ‘कक्कूस’ या माहितीपटाचे छायांकन केले, आणि आज ते कष्टकऱ्यांच्या मुलांना कॅमेरा धरायला शिकवतात. त्यांना नोकरी देणारी ‘पारी’ ही संस्था मुंबईतून चालते, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे. गटारात मेलेल्याच्या घरी हे दोघे पोचले, कारण त्या घराचा रस्ता त्यांना ठाऊक होता. अशी माणसे दारातूनच परत गेली तर त्या मृत्यूचा फोटो कोण काढणार?

मालकांनी फोटोचा दर जाहीर करावा, प्रत्येक छायाचित्राखाली नाव छापावे, कामावर पाठवलेल्या दिवसाचा विमा उतरवावा. महाराष्ट्र आणि तामिळनाडू सरकारांनी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या छायाचित्रकाराला त्याच्या छापून आलेल्या कामाच्या जोरावर अधिस्वीकृती द्यावी. आणि आवडीतल्या, अंबरनाथमधल्या, अकोल्यातल्या तरुणांनो, तुमच्याकडे आमचे मागणे सर्वांत कठोर आहे. उद्या कोणाचा फोन येईल, ‘फोटो पाठव, नाव टाकतो’ म्हणून. त्याला आधी दर विचारा, दर लेखी मागा, आणि तो कागद हाती येईपर्यंत एकही फाइल पाठवू नका. शेजारचा फुकट देत असेल तर त्याला गाठा, समजवा, आपल्यासोबत उभे करा.