दया शिकवावयाची कीं उपकार?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपलें मूल वाचावयास शिकलें कीं नाहीं हें आपण शाळेंत जाऊन विचारतां, आणि तें विचारलेंच पाहिजे. परंतु शेजारच्या मुलाशीं कसें वागावें हें त्यास तेथें कोणी शिकवितें काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. परिपाठाच्या वेळीं फळ्यावर ‘सर्वांवर दया करा’ असें सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें असतें. मुलें तें एका सुरांत म्हणतात, आणि सुट्टी होतांच त्यांतलेच चौघे एका पोराच्या फाटक्या दप्तरास लाथ मारतात. फळा वाचून कोणी दयाळू झाल्याचें आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

हल्लीं दुसराच एक प्रकार निघाला आहे. गरीब मुलास दोन वह्या द्यावयाच्या, त्यास पुढें उभें करावयाचें, देणाऱ्यानें वहीवर हात ठेवावयाचा, आणि फोटो काढून मोबाइलवरून गांवभर पाठवावयाचा. याला म्हणे दयेचा उपक्रम! त्या फोटोंत देणारा हंसत असतो. घेणारें पोर कोठें पाहत असतें तें एकदां नीट पाहा. वर्गांतल्या बाकीच्या मुलांनीं धडा एवढाच घेतला कीं, कांहीं हात देण्यासाठीं जन्मास येतात व कांहीं घेण्यासाठीं. ही शिकवण आमच्या वाडवडिलांस शेंकडों वर्षें फुकट मिळाली. तिच्यासाठीं शाळा कशाला?

जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. ओंजळींत वरून पाणी ओतणारे पुण्यवान त्या काळींही पुष्कळ असतील. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं मागणी केली ती अशी कीं, प्राथमिक शाळेचा मास्तर होतां होईल तों शेतकरी वर्गांतला असावा, आणि प्रसंगीं नांगराची मूठ किंवा सुताराचा वांकस हातीं धरण्यास त्यास लाज वाटूं नये. ज्यास वांकसाची लाज, त्यास सुताराच्या पोराशीं मायेनें बोलतां येईल कसें?

मग वर्गांत करावें तरी काय? खर्च कांहीं नाहीं. दर सोमवारीं चिठ्ठ्या काढून कोणी कोणाजवळ बसावें तें ठरवावें, म्हणजे वस्ती पाहून बसण्याची खोड मोडते. खिचडी वाढण्याची पाळी सर्वांवर यावी, आणि वाढणारानें शेवटीं जेवावें. पोळ्याच्या आदल्या सांजेस आपण बैलांचे खांदे हळद-तुपानें मळतों; मुलांस तें ठाऊक असतें. त्यांस सांगावें कीं, जूं कोठें घासतें तेथें बोट ठेवून पाहा, आणि मग घरांत आणखी कोणाच्या हाताखांद्यास घट्टे पडले आहेत तें पाहून या. लोहाराचें पोर बापाचा तळहात बहुधा त्या दिवशीं पहिल्यानें निरखून पाहील.

पण खरी कसोटी कापसाच्या वेचणींत लागते. देवळी तालुक्यांत पराटी फुटली कीं वर्ग विरळ होतो. कोणी आईबरोबर वेचावयास जातें, कोणी धाकटें भावंड सांभाळीत घरीं राहतें. मुलांनीं शाळा बुडवूं नये हें आमचेंही म्हणणें आहे. परंतु तीं बुडवितात, आणि कां बुडवितात तें आपणांस सांगावयास नको. आठ-पंधरा दिवसांनीं पोर परत येतें तेव्हां वजाबाकी पुढें गेलेली असते, आणि मास्तर विचारतात, “काय साहेब, आज वाट कशी चुकलां?” वर्ग हंसतो. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलांच्या मानसिक छळास बंदी केली आहे. जिभेचा फटका त्यांत येत नाहीं असें कोणीं समजूं नये.

येथें प्रत्येक मुलास एक सोबती नेमून द्यावा. सोबत्यानें रोजचीं गणितें जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर उतरून ठेवावीं व तें पोर आल्यावर सुट्टींत समजावून द्यावीं. वेचणीहून आलेल्यानें सांगावें कीं, किती किलो कापूस वेचला, किलोमागें काय मिळालें, आणि हातांत किती पडले. त्याचेंच गणित दुसऱ्या दिवशीं फळ्यावर मांडावें. तेव्हां शिकविणारा कोण व शिकणारा कोण?

याहून अवघड प्रसंग येतात. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांस मदत जाहीर केली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. अशा घरचें मूल पुन्हां वर्गांत येतें, त्या दिवशीं भाषण नको, त्यास उभें करणें नको, दोन मिनिटें स्तब्धताही नको. बाप कसा गेला हें कोणीं विचारावयाचें नाहीं, एवढें मास्तरानें आदल्या दिवशींच सांगून ठेवावें. सोबत्यानें त्यास घरून बरोबर घेऊन यावें, खिचडीस शेजारीं बसावें, आणि खेळांत घ्यावें. तो बाद झाला तर बादच म्हणावें. बिचारा म्हणून सोडूं नये.

शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असा कायदा आहे. म्हणजे आपणच. पुढच्या सभेस फोटोचा प्रकार बंद करण्याचा ठराव मांडावा. वह्या-पेन्सिली जरूर द्याव्यात, पण त्या वर्गाच्या उघड्या पेटींत ठेवाव्यात. ज्यास लागेल त्यानें हात घालून घ्यावी, आणि कोणीं कोणतें नांव लिहूं नये.