टोल घ्या, आमची ये-जा साठवू नका!



मागे मी माझी गाडी विकली. आरसी नावावर करून दिली, पण काचेवरचा फास्टॅग काढायचा राहिला. शिल्लक माझीच होती, ती संपेपर्यंत मेसेज येत राहिले. दारोडा नाका, पहाटेची वेळ. पुढे बोरखेडी नाका. संध्याकाळी तेच नाके उलट क्रमाने. दोन दिवसांनी पुन्हा तसेच. कोणी काही न सांगता मला कळले, की गाडी घेणाऱ्याच्या घरातला पेशंट नागपूरला दाखवणे चालू आहे. मला ते कळायला नको होते.

फास्टॅगच्या चिकटपट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरचे यंत्र रेडिओलहरी सोडते, त्याच बळावर चिप आपला क्रमांक सांगते. त्या क्रमांकाशी गाडी, खाते, मोबाईल आणि केवायसीचे कागद जोडलेले आहेत. मला दिसले ते दोन नाके. ज्यांच्याकडे सगळ्या नाक्यांच्या नोंदी आहेत, त्यांना काय काय दिसत असेल?

15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीपासून टॅग सक्तीचा झाला. तेव्हा टॅग नसेल तर दुप्पट टोल भरावा लागे. अशा सक्तीत टॅगच्या अर्जावर घेतलेल्या सहीला संमती म्हणता येत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. डेटा संरक्षणाचा कायदा 2023 ला आला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर दीड वर्षाने! आमची ये-जा मात्र रोज नोंदली जाते.

‘लपवायचे काही नाही, तर भ्यायचे कशाला?’ असे काही जण म्हणतात. आजारपण, कर्ज, पोरीची सोयरीक हे गुन्हे नव्हेत, तरी आपण ते चावडीवर मांडत नाही. चोरीची गाडी शोधायला पोलिसांनी लेखी आदेशाने नोंद जरूर मागावी. त्यासाठी प्रत्येकाचा प्रवास वर्षानुवर्षे साठवण्याची गरज नाही.

आमची मागणी एकच: टोल वळता झाला, तक्रारीची मुदत संपली, की नोंद पुसा. ती मुदत किती, हे प्रत्येक नाक्यावर मराठीत लिहा.

आणि आपणही जागे होऊ. घाईत टॅग घेताना एजंटचा मोबाईल नंबर लावू देऊ नका. आधारची झेरॉक्स कोणाच्याही हाती ठेवू नका. गाडी विकाल त्याच दिवशी बँकेला कळवून टॅग बंद करा. आज घरी गेल्यावर एवढे पाहा: तुमच्या टॅगला नंबर कोणाचा जोडलेला आहे?

आपला,
एक मारेगावकर वाहनधारक