तिथीची पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला ८ची पाऊणपट ६. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साधारण ६ वाजता पूर्ण भरती. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, तेच ढोबळपणे, तिथीमागे पाऊण तास धरून, या पाऊणपटीत दडलं आहे. अलिबागहून समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत कधी जायचं, हेही त्यावरून कळतं. चंद्राच्या गतीचा इतका सुंदर धडा दारात असताना वर्गात तो फळ्यावरच्या आकृतीपुरता उरतो, याचं वाईट वाटतं.

असे धडे मुलांच्या हातात देता येतात. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमिती शिकवली, आणि पुस्तकं, खेळण्यांच्या कृती सगळ्यांसाठी मोफत खुल्या केल्या. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफ रूपात फुकट मिळतात. पण फुकट म्हणजे मुक्त नव्हे. मुक्त साहित्य शिक्षकाला बदलता आलं पाहिजे, त्यात आपल्या गावची खाडी घालून पुढच्या शाळेला देता आलं पाहिजे.

दारातला असा आणखी एक धडा अलिबागचाच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये मुंबईतल्या कुलाब्याहून अलिबागला आली. ट्राममुळे चुंबकसूची का बिघडते? एक तार, एक सेल आणि होकायंत्र घेऊन सातवीतलं मूल हे स्वतः पाहू शकतं.

रायगडच्या शिक्षकांनो, वर्गात करून पाहिलेला असा एखादा प्रयोग आम्हाला लिहून पाठवा. सोबत एक ओळ जरूर लिहा: कुणीही वापरावा, कुणीही बदलावा.